काच घ्यावी की डबा? फोटोग्राफरच्या एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

(धाराशिव येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेले दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत.)



आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, की हा इतिहासाचा विषय कुठला, हा तर कॅमेऱ्याच्या दुकानातल्या काउंटरवरचा विषय आहे. एका अर्थी ते खरंच आहे. लग्नसराई संपते, येणी वसूल होतात, घरचा खर्च, दुकानाचं भाडं, पोरांच्या फिया जाऊन हातात काही रक्कम उरते. त्या रकमेत एक तर चांगली लेन्स येते, नाही तर दुसरी बॉडी. दोन्ही येत नाहीत. मग माणूस चार ठिकाणी विचारतो. एक म्हणतो लेन्स घे, फोटोत फरक दिसेल. दुसरा म्हणतो दुसरी बॉडी घे, ऐन लग्नात पहिली बंद पडली तर काय करशील?

मी आज दोघांच्याही बाजूनं बोलणार नाही. मला एवढंच दाखवायचं आहे, की हा प्रश्न आपल्याकडं फोटोग्राफी आली तेव्हापासूनचा आहे, आणि प्रत्येक काळात त्याचं उत्तर वेगळं आलं आहे. ते का वेगळं आलं हे समजलं, तर आजचा निर्णय करायलाही सोपं जाईल. बोलताना मी लेन्सला ‘काच’ म्हणेन आणि बॉडीला ‘डबा’. शब्द साधे आहेत, पण त्यांनी गोष्ट स्पष्ट होते. फोटोग्राफरकडं मुळात या दोनच वस्तू असतात. एक प्रकाश आत आणणारी काच, आणि दुसरा तो प्रकाश धरून ठेवणारा अंधारा डबा.

काच विलायती, डबा सुताराचा

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाडाबरोबर रायचूर दोआब आणि धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला. तेव्हा नळदुर्गला कारभार पाहायला आला तो मेडोज टेलर. १८६० मध्ये धाराशिव निजामाकडं परत गेलं. टेलर चित्रं काढायचा, स्केचेस करायचा. म्हणजे त्या वेळी इकडचा डोंगर, किल्ला, माणूस कागदावर उतरवायचा तो हातानं.

त्याच सुमारास मुंबईत मात्र कॅमेरा रुजत होता. १८५४ मध्ये ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ सुरू झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले हौशी छायाचित्रकार. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला, आणि हरिचंद चिंतामण यांच्यासारखे मराठी फोटोग्राफर त्यातून पुढं आले.

आता त्यांच्या हातात काय होतं ते बघा. डबा म्हणजे लाकडी पेटी. पुढं काच बसवायची फळी, मागं प्लेट सरकवायची खाच, मध्ये भाता. शटर नाही, सेल नाही, स्क्रू सोडला तर बिघडायला काही नाही. फोटो घ्यायचा म्हणजे काचेवरची टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे आणि टोपी परत लावायची. ही पेटी आपल्याकडचा चांगला सुतार सागवानात करू शकत होता. उलट आपल्या हवेत विलायती लाकूड फाकायचं, सांधे सुटायचे, म्हणून इकडं चालणाऱ्या पेट्या सागाच्या आणि पितळेच्या पट्ट्या मारलेल्या असत.

काचेचं तसं नव्हतं. १८४० मध्ये व्हिएन्नाच्या जोसेफ पेट्झवाल या गणितज्ञानं हिशोब मांडून माणसांचे फोटो काढण्यासाठी एक जलद भिंग तयार केलं. त्यामुळं मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. त्या भिंगासाठी लागणारी काच, ती घासायचं कसब, त्यामागचं गणित, यातलं काहीच आपल्याकडं नव्हतं. चष्म्याच्या नाही, तर कॅमेऱ्याच्या दर्जाची काच या देशात बनायला विसावं शतक निम्म्याहून अधिक सरावं लागलं.

म्हणून त्या काळी आजचा प्रश्नच पडत नव्हता. पैसे आले की काच घ्यायची, डबा सुताराकडून करून घ्यायचा. काच बापाकडून मुलाकडं जायची, डबा दोनदा बदलायचा. आजही जुन्या फोटोग्राफरच्या तोंडी ‘पैसा काचेत घाला’ हे वाक्य असतं. त्याचं मूळ इथं आहे, आणि त्या काळापुरतं ते शंभर टक्के बरोबर होतं.

लेणी कुठं पळून जात नाहीत

आता जरा आपल्या डोंगरात चला. १८७५-७६ च्या हंगामात जेम्स बर्जेस या भागात आला. पश्चिम हिंदुस्थानच्या पुरातत्त्व पाहणीचा तो प्रमुख. त्यानं धाराशिवची लेणी पाहिली, मोजली, आणि १८७८ मध्ये बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतल्या पुराणवस्तूंवरच्या अहवालात ती छापून आली. पुढं १९०१ मध्ये फ्लीट या विद्वानानं ‘पेरिप्लस’मधलं तगर म्हणजे आपलं तेर, असं मांडलं. त्यानंतर हेन्री कझिन्स तेरला आला आणि त्यानं त्रिविक्रमाच्या विटांच्या देवळाची नीट नोंद केली.

या लोकांचं काम कसलं होतं? जे जागेवर उभं आहे त्याची नोंद करायची. धाराशिवच्या लेण्यात आत अंधार. पार्श्वनाथापर्यंत उजेड पोचत नाही. मंडपात मागं सरकायला जागा नाही, म्हणजे रुंद दिसणारी काच पाहिजे. उजेड कमी, म्हणजे वेळ जास्त द्यायला पाहिजे. पण वेळ होता! लेणं कुठं पळून जात नाही. एक प्लेट बिघडली तर दुसरी घ्या. आज ढग आले तर उद्या या. अशा कामात दुसऱ्या डब्याचा काहीच उपयोग नाही. उपयोग आहे तो चांगल्या काचेचा आणि तिपाईचा.

तेव्हा ओल्या प्लेटचं तंत्र होतं. काचेच्या तुकड्यावर कलोडियन ओतायचं, चांदीच्या द्रावणात बुडवायचं, ओलं असतानाच कॅमेऱ्यात घालायचं, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत तंबूत जाऊन धुवायचं. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांत. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात तर त्याहून कमी, कारण प्लेट आधीच वाळायची. तेव्हाच्या फोटोग्राफरला धास्ती कॅमेरा बंद पडण्याची नव्हती. धास्ती होती बैलगाडीच्या हादऱ्यानं प्लेटा फुटण्याची. दीडशे वर्षांपूर्वी जो बॅकअप लागत होता तो डब्याचा नव्हता, चित्राचा होता.

अजिंठ्याचा धडा

हा चित्राचा बॅकअप काय चीज आहे, हे अजिंठ्यानं शिकवलं. अजिंठाही तेव्हा आपल्यासारखंच निजामाच्या राज्यात. मेजर रॉबर्ट गिल याला १८४४ मध्ये तिथं नेमलं. काम काय, तर भिंतींवरच्या चित्रांच्या मोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला करायच्या. या माणसानं वर्षानुवर्षं त्या दरीत काढली. नकला लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या, आणि डिसेंबर १८६६ मध्ये तिथं आग लागली. थोड्या वाचल्या, बाकी सगळ्या जळाल्या.

गोष्ट इथं संपत नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपले विद्यार्थी घेऊन तेच काम पुन्हा करायला बसले. तेही अनेक हिवाळे चाललं. त्या नकलाही लंडनला गेल्या, साउथ केन्सिंग्टनमध्ये ठेवल्या, आणि १८८५ मध्ये तिथंही आग लागून त्यातल्या बऱ्याच गेल्या. एकाच कामाची दोनदा राख झाली, आणि दोन्ही वेळा कारण एकच. वस्तू एकाच ठिकाणी होती.

पण गिलनं मधल्या काळात कॅमेरा हातात घेतला होता. तो स्टिरिओ फोटो काढायचा, म्हणजे शेजारी शेजारी दोन चित्रं, जी यंत्रातून पाहिली की खोली दिसते. त्यातले फोटो १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपानं छापले गेले. आगीच्या दोन वर्षं आधी. पुस्तकाच्या प्रती अनेक ठिकाणी गेल्या होत्या, म्हणून ते फोटो राहिले. हातानं केलेल्या मोठ्या रंगीत नकला गेल्या आणि तळहाताएवढे काळे-पांढरे फोटो वाचले.

मी हे मुद्दाम सविस्तर सांगतोय. आपण लेन्स की बॉडी असा वाद घालतो, आणि काढलेले फोटो मात्र एकाच हार्ड डिस्कवर, त्याच कपाटात, त्याच दुकानात ठेवतो. अजिंठ्याची गोष्ट विसरू नका.

फाळक्यांनी काय घेतलं?

आता एक असा माणूस घेऊ, ज्याच्यापुढं हा प्रश्न फार मोठ्या रकमेचा होता. धुंडिराज गोविंद फाळके. त्र्यंबकेश्वरचे. जे. जे. मध्ये शिकले, बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले, गोध्र्याला स्टुडिओ काढला, काही काळ पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन होते, लोणावळ्याला रविवर्म्यांच्या छापखान्यात होते. म्हणजे काच, डबा, प्लेट, रसायन, छपाई, सगळं हाताखालून गेलेलं.

१९१२ च्या फेब्रुवारीत ते विमा पॉलिसी गहाण ठेवून लंडनला निघाले. हा तपशील लक्षात ठेवा, विमा गहाण ठेवून. तिथं सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम पाहिलं आणि खरेदी केली. काय घेतलं? एक विल्यमसन कॅमेरा. दोन नाही, एक. जादा भिंगांचा संचही नाही. उरलेला पैसा घातला फिल्मच्या कडेला भोकं पाडायच्या यंत्रात, प्रिंट काढायच्या यंत्रात आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्ममध्ये. एप्रिलमध्ये परत आले आणि पहिलं काय केलं, तर कुंडीत वाटाणा लावून त्याच्या वाढीचं चित्रण केलं. रोज थोडं थोडं, महिनाभर. ते दाखवून भांडवल उभं केलं. मग ‘राजा हरिश्चंद्र’. दादरच्या घरात सरस्वतीबाई अंधारात बसून फिल्मला भोकं पाडत होत्या. ३ मे १९१३ ला कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला.

यातून मला दिसतं ते असं. काच की डबा हा प्रश्न फाळक्यांनी त्या रूपात घेतलाच नाही. त्यांनी विचारलं, काम सुरू झाल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंतच्या साखळीत कुठली कडी माझ्याकडं नाही? कॅमेरा होता पण भोकं पाडायची सोय नसती, तर फिल्मसाठी सतत दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागलं असतं. प्रिंटिंग नसतं तर निगेटिव्ह घेऊन बसले असते. पैसा कमकुवत कडीत घातला. धोका होताच. एकच कॅमेरा, तो बिघडला असता तर सगळं थांबलं असतं. पण त्यांना स्वतःला यंत्र खोलता येत होतं, दुरुस्त करता येत होतं. हात हाच त्यांचा बॅकअप होता.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी दुसरी वाट धरली. आनंदराव पेंटर १९१६ मध्ये गेले, तरी त्यांच्या डोक्यातलं काम बाबूरावांनी सोडलं नाही. १९१८ पर्यंत त्यांनी कोल्हापुरातच चालणारा सिने-कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आला. पुन्हा तेच सूत्र बघा. दातेरी चाकं, फिरकी, पेटी इथं होऊ शकते, मग त्यासाठी विलायतेला पैसा कशाला? जे आपल्या हातानं होतं त्यात पैसा घालायचा नाही, जे होत नाही त्यात घालायचा.

स्टुडिओ आणि जत्रा

सिनेमा बाजूला ठेवू. आपल्या जिल्ह्यातल्या साध्या माणसाचा फोटोशी संबंध आला तो स्टुडिओत आणि जत्रेत. निजामाच्या दरबारी फोटोग्राफर होता राजा दीनदयाळ. त्याचे स्टुडिओ सिकंदराबाद-हैदराबादला आणि पुढं मुंबईलाही. पण तिथवर जाणार सरदार आणि जहागीरदार. आपला माणूस तुळजापूरला किंवा यात्रेत पडद्यापुढं उभा राहायचा.

यात दोन प्रकारचे कॅमेरे होते, आणि त्यांत काच-डब्याचा हिशोब उलटासुलटा होता. स्टुडिओतला मोठा फील्ड कॅमेरा म्हणजे परत जुनंच सूत्र, लाकूड देशी, काच परदेशी. केरळात अलप्पुळ्याला १९४० च्या दशकात ‘वागीश्वरी’ नावाचे असे लाकडी कॅमेरे बनू लागले आणि देशभर गेले. याउलट रस्त्यावरचा मिनिट कॅमेरा. त्याची काच साधी असली तरी चालायची. सगळी करामत डब्यात. पेटीच्या आतच धुलाईची भांडी, बाहीतून हात घालून आतल्या आत कागद धुवायचा, त्या कागदी निगेटिव्हचा परत फोटो काढून तिथल्या तिथं गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. इथं डबा म्हणजेच दुकान. त्या माणसाला तुम्ही चांगली लेन्स देऊ केली असती, तर त्यानं विकून टाकली असती. गिऱ्हाईक बारीक तपशिलासाठी आलेलंच नव्हतं. ते आलं होतं गाडी सुटायच्या आत फोटो मिळावा म्हणून.

रोल आला आणि दुसरा डबा आला

आता आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवेल तो काळ. १९२९ चा रोलायफ्लेक्स, पुढं १९५७ नंतरचे याशिका मॅट. दोन डोळ्यांचे कॅमेरे, वरून खाली बघायचे. १२० चा रोल, १२ फोटो. जिल्ह्या-तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो बरीच वर्षं यावरच निघाले. या कॅमेऱ्याची काच डब्याला कायमची जोडलेली. बदलता येत नाही. त्यामुळं निवडच संपली. पैसे आले तर दुसरा अख्खा कॅमेराच घ्यायचा.

आणि पहिल्यांदा दुसरा डबा खऱ्या अर्थानं लागू लागला. का? दोन कारणं. एक, डब्यात आता शटर होतं, स्प्रिंगा होत्या, रोल पुढं सरकवायचं यंत्र होतं. म्हणजे बिघडायला काहीतरी आलं. दुसरं त्याहून मोठं. फोटोचा विषय बदलला. लेणं वाट बघतं, स्टुडिओतला माणूस ‘पुन्हा एकदा’ म्हटलं तर पुन्हा बसतो. अंतरपाट पुन्हा धरला जात नाही. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अक्षता पडतात, हार घातले जातात, आणि तेवढ्यात तुमचा बारावा फोटो झालेला असतो. रोल बदलेपर्यंत नवरा-नवरी बसलेले असतात. मग ज्याच्याकडं भरलेला दुसरा कॅमेरा गळ्यात आहे, तो पुढं.

त्यानंतर ३५ मिलिमीटरचे, लेन्स बदलता येणारे कॅमेरे आले. १९५९ चा निकॉन एफ, आपल्याकडं हळूहळू पोचलेले झेनिट, पेंटॅक्स के-१०००, निकॉन एफएम. इथं काच आणि डबा वेगळे झाले आणि आजचा प्रश्न आजच्या रूपात जन्माला आला. तेव्हा आयातीवर बंधनं होती, परदेशी माल महाग, कुणी आखातातून येणाऱ्याला सांगून आणवायचा. म्हणून माणूस फार जपून ठरवायचा.

वृत्तपत्राचे फोटोग्राफर मात्र दोन डबे बाळगायचे, पण बंद पडण्याच्या भीतीनं नव्हे. एकात काळी-पांढरी फिल्म, दुसऱ्यात रंगीत. किंवा एकावर रुंद काच, दुसऱ्यावर लांबची. फिल्मच्या काळात डब्याला स्वतःची अशी नजर नव्हती. फोटोचा रंग, दाणा फिल्मवर ठरायचा, धार काचेवर. डबा म्हणजे फिल्म धरायची मूठ. तेव्हा जुना, स्वस्त डबाही तितकाच चांगला फोटो द्यायचा. ही गोष्ट पुढं बदलली.

३० सप्टेंबर १९९३

इथं मला थांबून एक वेगळी गोष्ट बोलायची आहे. आपल्या जिल्ह्यात बोलताना ती टाळता येत नाही. १९९३ ची अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूरकडं किल्लारी, आपल्याकडं तेव्हाच्या उमरगा तालुक्यात सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी. जाड दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ५२ गावं नव्यानं वसवावी लागली.

त्या दिवसांचे बातम्यांतले फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मी आज त्यांच्याबद्दल बोलत नाही. मी घरातल्या फोटोंबद्दल बोलतोय. माळवदाखाली माणसं गेली, तसे भिंतीवरचे तसबिरीतले फोटो गेले, पेटीतले लग्नाचे आल्बम गेले. ज्या घरातलं कुणी कामाला बाहेरगावी होतं म्हणून वाचलं, त्याच्याजवळ आई-बापाचा चेहरा असणार कुठून? एकच जागा उरते. त्या लग्नाचे फोटो ज्यानं काढले, त्याच्या दुकानातली निगेटिव्हची पाकिटं. दुकान तालुक्याच्या गावी, घर खेड्यात, म्हणजे एक प्रत इथं आणि एक तिथं. त्या फोटोग्राफरनं बॅकअप म्हणून ती ठेवली नव्हती, जादा प्रिंटांची ऑर्डर येईल म्हणून ठेवली होती. पण एका घराला तेवढाच चेहरा उरू शकतो.

अजिंठ्यात जे दोनदा हुकलं, ते तालुक्याच्या साध्या फोटोग्राफरच्या पाकिटात आपोआप साधलं होतं. म्हणून मी म्हणतो, आपल्या धंद्यात तीन गोष्टींचा क्रम लावायचा झाला तर चित्राची दुसरी प्रत पहिली, आणि काच-डबा नंतर.

डबाच फिल्म झाला

१९९९ मध्ये निकॉन डी-१ आला, आणि पुढच्या काही वर्षांत डिजिटल कॅमेरे लहान स्टुडिओच्या आवाक्यात आले. यानं जुना हिशोब उलटा केला. फिल्म डब्याच्या आत कायमची बसली. सेन्सर म्हणजेच फिल्म. त्यामुळं डबा आता मूठ राहिला नाही, त्याच्यावर फोटोचा दर्जा ठरू लागला. पण त्याचबरोबर तो नाशवंतही झाला. शटर साधारण दीड लाख क्लिकपर्यंत चालेल असं कंपन्या आपल्या मधल्या दर्जाच्या कॅमेऱ्यांबद्दल सांगतात. फिल्मच्या काळात माणूस एका लग्नात शंभर-दीडशे फोटो काढायचा, आज हजारांत काढतो. मग किती हंगामांत तो आकडा गाठला जाईल, तुम्हीच हिशोब करा. काच मात्र जपली तर वीस वर्षं जाते.

म्हणजे ‘पैसा काचेत घाला’ हे वाक्य परत खरं झालं, पण वेगळ्या कारणानं. १८६० मध्ये ते खरं होतं कारण डबा सुतार करत होता. आज ते खरं आहे कारण डबा लवकर जुना होतो. आणि ते अर्धवटच खरं आहे, कारण लवकर जाणारी वस्तू एकच जवळ ठेवणं हाही धोका आहे. त्यात २०१८ नंतर नव्या मिररलेस कॅमेऱ्यांबरोबर लेन्स बसवायचे माउंटही बदलले. आता काच घेताना ती कुठल्या डब्याला बसणार, पुढच्या दहा वर्षांत तो डबा मिळणार का, हेही बघावं लागतं.

आपल्या भागाचं आणखी एक आहे. नळदुर्ग आणि अणदूरच्या खंडोबाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. मूर्ती एकच, देवळं दोन. देव वर्षातला बराच काळ अणदूरला आणि थोडा काळ नळदुर्गजवळ मैलारपूरला असतो. तिथली यात्रा कुणी कॅमेऱ्यात घेतली असेल, तर त्याला कळेल. भंडारा उधळला की हवाच पिवळी होते. त्या गर्दीत लेन्स बदलायला डबा उघडलात तर सेन्सरवर हळद. तुळजापूरला कुंकवाचं तेच. लग्नात मे महिन्याची धूळ. अशा ठिकाणी दोन डब्यांवर दोन काचा चढवून नेणं, म्हणजे डबा उघडायची वेळच न येणं, हा बॅकअपच्याही आधीचा फायदा आहे. दोन देवळं का लागतात ते इथं समजतं!

मग निष्कर्ष काय?

इतिहासातून मला एकच कसोटी मिळते. ज्याचा विषय वाट बघतो, त्यानं काच घ्यावी. ज्याचा विषय निघून जातो, त्यानं डबा घ्यावा. बर्जेसला, कझिन्सला दुसरा डबा लागला नाही. मिनिट कॅमेरावाल्याला भारी काच लागली नाही. लग्नाच्या फोटोग्राफरला रोलच्या काळापासून दुसरा डबा लागतोय, कारण तो जे टिपतो ते परत घडत नाही आणि त्यानं त्याचे आधी पैसे घेतलेले असतात. काच कमी असली तर फोटो थोडा उणा येतो. डबा बंद पडला तर फोटोच येत नाही, आणि वर गावभर नाव जातं.

या कसोटीला फाळक्यांची जोड द्या, म्हणजे आपली कमकुवत कडी कुठली ते शोधा. आणि अजिंठ्याची जोड द्या, म्हणजे काढलेलं चित्र दोन ठिकाणी ठेवा. एवढं बोलून मी थांबतो. काही प्रश्न असतील तर विचारा.

प्रश्न: सर, मी लग्नाच्या ऑर्डरी घेतो. एक बॉडी आहे, सोबत आलेली लेन्स आहे. मला पोर्ट्रेटची चांगली लेन्स घ्यायची आहे. पार्टी आता तसे फोटो मागते. तुमच्या म्हणण्यानुसार मी ती घेऊ नये का?

उत्तर: घ्या की दादा, पण क्रम बदला. आधी जुनी, वापरलेली का होईना, तुमच्याच माउंटची दुसरी बॉडी घ्या. भारीतली नको. तुमचीच कार्डं, तुमचीच बॅटरी तिला चालली पाहिजे, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध नाही. ज्या तारखेला मोठी ऑर्डर आहे त्या दिवशी लेन्स भाड्यानं आणा. लातूर, सोलापूरला मिळते, नाही तर ओळखीच्या मित्राकडून घ्या. लेन्स भाड्यानं आणता येते, कारण तिची गरज आधी माहीत असते. कॅमेरा कधी बंद पडणार हे आधी माहीत नसतं, म्हणून तो भाड्यानं आणून भागत नाही, जवळ असावा लागतो. पुढच्या हंगामाच्या पैशात लेन्स घ्या. आणि पुढं कधी नवीन बॉडी घेतलीत तर जुनी विकायला काढू नका. तिला येऊन येऊन येणार किती? ती बॅगेत राहिली तर जास्त किमतीची आहे.

प्रश्न: मी शाळेत शिकवते. सुट्टीत गावोगावच्या बारवा, वीरगळ, जुनी देवळं यांचे फोटो काढते. पैसे थोडेच आहेत. मी काय घेऊ?

उत्तर: ताई, तुमचं काम कझिन्सच्या वाटेवरचं आहे. तुम्हाला दुसरी बॉडी मुळीच नको. खरं तर आधी लेन्सही नको. एक चांगली तिपाई आणि एक साधी बॅटरी घ्या. वीरगळ समोरून उजेड टाकून सपाट दिसतो. बॅटरी बाजूला धरून तिरपा उजेड टाका, म्हणजे झिजलेली आकृतीसुद्धा उठून येते. नाही तर सकाळी लवकर जा, सूर्यच ते काम करतो. बारवेसाठी पुढं रुंद लेन्स घ्या, कारण आत उतरल्यावर मागं सरकायला जागा नसते. फोटोत मोजपट्टी ठेवा, गावाचं नाव, तारीख, दगडाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते लिहून ठेवा. आणि त्या सगळ्याची एक प्रत घरी, दुसरी शाळेत ठेवा. मघाशी मी लेणी वाट बघतात म्हटलं, पण वीरगळ फार वाट बघत नाहीत हो. रस्ता रुंद झाला, देवळाचा जीर्णोद्धार निघाला, की ते हलतात किंवा पायात जातात. तेव्हा तुमच्याजवळ आहे त्या कॅमेऱ्यानं या सुट्टीतच सुरू करा.